सांगलीत लहान व्यावसायिकांना संगणकसेवा पुरवणारी कंपनी चालेल का? दर कसे ठरवावेत?

चालेल, परंतु दर भेटीमागे पैसे घेण्याची पद्धत सुरुवातीपासूनच टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्या पद्धतीत यंत्र बिघडण्यातच आपला फायदा राहतो आणि ग्राहकही अगदी गळ्याशी आल्याखेरीज फोन करत नाही. त्याऐवजी संगणकांच्या संख्येनुसार वार्षिक देखभालीचा करार करावा, दर तिमाहीची रक्कम आगाऊ घ्यावी आणि सुटे भाग, नवे सॉफ्टवेअर, कॅमेऱ्यांची जोडणी यांपैकी करारात काय येत नाही, ते स्वच्छ मराठीत लिहून द्यावे.

मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला सगळा हिशेब बहुधा दिवाणजींच्या एकाच संगणकावर असतो आणि त्याची प्रत असलेला पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते, हे ध्यानात घेता एक प्रत इमारतीबाहेर, शक्यतो क्लाउडवर म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, हवीच; आणि ती दर महिन्याला प्रत्यक्ष उघडून पाहावी, कारण फाइल खराब झाल्याचे एरवी नेमक्या गरजेच्या दिवशीच कळते.

कुपवाडच्या कारखान्यांची गरज वेगळी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या बहुतेक व्यवसायांना आपसातील विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे, त्यामुळे इंटरनेट बंद पडले की भरलेला ट्रक दारातच अडकतो. तिथे दुसरी इंटरनेट जोडणी आणि तातडीने पोहोचणारा माणूस यांसाठी ग्राहक जास्त पैसे मोजतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. कारण अशा नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन कायद्याने खरेदीदारावर आहे.