जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटीची दुरुस्ती: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: मी रिव्हेट मारलेली, चौदा फुटी, बरीच जुनी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारी बोट घेतली आहे. ती पाण्यात हळूहळू गळते, आतील प्लायवूड आणि त्यावरचा गालिचा कुजला आहे, आणि मोटार अडकवतो ती मागची पाटी दाबली की मऊ लागते. मला उभे राहून गळ टाकता येईल असा सपाट तळ आणि पुढे उंच चौथरा करायचा आहे. त्यासाठी मधली बाके काढून टाकण्याचा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: सुरुवात बोट पूर्ण रिकामी करण्यापासून करावी, आणि गालिचा, लाकूड, जुना फोम हे सर्व बाहेर येईपर्यंत नवीन काहीही विकत घेऊ नये. अ‍ॅल्युमिनियम वयामुळे सहसा खराब होत नाही. त्याच्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायूमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. ओला गालिचा किंवा ओला फोम धातूला सतत चिकटून राहिला की त्या जागी प्राणवायू पोहोचत नाही, हा थर पुन्हा तयार होत नाही, आणि धातूला पांढरी भुकटी सुटून खड्डे पडू लागतात. त्यामुळे जुन्या बोटीतील सर्वांत वाईट गंज बहुधा तळपाटाखाली, म्हणजे जिथे कोणी पाहत नाही तिथेच सापडतो. पुढील प्रत्येक टप्प्यावर एकच कसोटी लावावी: मी जे बसवतो आहे त्याच्यामागे पाणी अडकून राहील का?

गळती शोधण्यासाठी बोट बाहेरून धुऊन कोरडी करावी आणि आत पाणी भरावे. जिथे थेंब येईल तिथे बाहेरून खडूने खूण करावी. मात्र पाण्याचे वजन विसरू नये. चौदा फुटी बोटीत जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी भरले तरी सुमारे तीनशे किलो वजन होते, आणि पाण्यावर तरंगताना जो तळ सगळीकडून सारखा उचलला जातो तो ट्रेलरच्या दोन-तीन टेकूंवर तेवढा भार घेण्यासाठी बनवलेला नसतो. तेव्हा तळाला लांबीभर आधार द्यावा आणि टप्प्याटप्प्याने, थोडे थोडे पाणी भरावे.

गळणारी रिव्हेट केवळ सैल झाली असेल तर ती पुन्हा घट्ट करता येते. हे काम दोघांचे आहे: एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड पोलादी ठोकळा घट्ट धरावा आणि दुसऱ्याने आतून तिच्या शेपटीवर हातोडीचे मोजके घाव घालावेत. डोके झिजले असेल किंवा छिद्र मोठे झाले असेल तर रिव्हेट बदलावी. भरीव अ‍ॅल्युमिनियमची रिव्हेट सर्वांत चांगली. जिथे आतून हात पोहोचत नाही तिथे बंद टोकाची पॉप रिव्हेट (एकाच बाजूने, हातातल्या अवजाराने खिळी ओढून बसवायची रिव्हेट) सागरी पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून मारावी. साधी पॉप रिव्हेट पाण्याच्या पातळीखाली वापरू नये, कारण तिच्या पोकळ गाभ्यातून पाणी येते आणि तिच्यात उरलेली पोलादी खिळी गंजते. बांधकामात वापरले जाणारे सिलिकॉनही टाळावे, कारण ते एकदा लागले की नंतर त्यावर ना रंग बसतो ना दुसरे सीलंट.

पत्र्याला भेग असेल तर तो वेगळा विषय आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना लहान छिद्र पाडले तर ती पुढे सरकणे थांबते. त्यानंतर त्याच जातीच्या पत्र्याचे ठिगळ सीलंट लावून रिव्हेटने बसवावे. अशा बोटींत सामान्यतः ५०५२ क्रमांकाचा मिश्रधातू असतो, आणि त्याची ताकद पत्रा थंड अवस्थेत लाटल्यामुळे आलेली असते, म्हणून वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आसपासचा भाग नरम होतो. वेल्डिंग करायचेच असेल तर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा अनुभव असलेल्या कारागिराकडूनच करावे, आणि त्याआधी फोम व इंधनाची टाकी बाहेर काढावी.

मागची पाटी, म्हणजे ट्रान्सम, हे या दुरुस्तीतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण मोटारीचे वजन आणि तिचा जोर दोन्ही तिच्यावर येतात. ती मऊ लागते म्हणजे आतील लाकूड गेले आहे, आणि ते बदलल्याशिवाय बोट मोटार लावून पाण्यात नेऊ नये. जुने लाकूड तुकड्यांत निघाले तरी फेकू नये. नवीन पाटी कापण्यासाठी तोच नमुना आहे. बहुतेक लहान बोटींत ही जाडी सुमारे ३८ मिलिमीटर असते, आणि १९ मिलिमीटरचे जलरोधक गोंदाचे दोन प्लायवूड इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने) एकत्र चिकटवून ती मिळते. तरीही आपल्या बोटीची जाडी मोजूनच ठरवावी. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत, कारण प्लायवूड पाणी कडेतून पिते. बोल्टची छिद्रे आधी मोठी पाडावीत, इपॉक्सीने भरावीत आणि मग योग्य मापाने पुन्हा पाडावीत. म्हणजे बोल्टभोवती पाणी झिरपले तरी लाकडाला लागत नाही. खालची कड मात्र सीलंटने बंद करू नये, आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी.

एक चूक मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. वाळवी आणि कुजण्यापासून बचावासाठी रसायन मुरवलेले लाकूड टिकाऊ म्हणून अनेक जण बोटीत वापरतात. त्या रसायनांत बहुधा तांबे असते, आणि ओलाव्यात तांबे व अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजते. याच कारणाने तांबे असलेला शेवाळरोधक रंग या बोटीला चालत नाही, आणि तळाच्या पाण्यात पडून राहिलेले एखादे तांब्याचे नाणे किंवा शिशाचे वजनही कालांतराने पत्र्याला भोक पाडू शकते. स्टेनलेस बोल्ट वापरावे लागतात, पण त्यांच्याखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना गंजरोधक लेप असावा.

आता बाकांविषयी. मधली बाके काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रिव्हेटच्या बोटीत बाक म्हणजे दोन्ही बाजूंना जोडून धरणारी तुळई असते. ती काढली की लाटांवर बाजू उघडझाप करतात आणि तुम्ही नुकत्याच घट्ट केलेल्या रिव्हेट पुन्हा सैल होतात. शिवाय बोट पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवणारा फोम याच बाकांत असतो. शंभर लिटर कोरडा फोम जवळपास ९५ किलोंचा उचल देतो, तर पाणी प्यायलेला फोम उचल देत नाही आणि वजन वाढवतो. म्हणून जुन्या फोमचा तुकडा कापून, पिळून पाहावा आणि ओला असेल तर तेवढ्याच आकारमानाचा बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, नवीन फोम भरावा. साधा थर्माकोल पेट्रोलने विरघळतो, तो टाळावा. एखादे बाक काढणे अगदी अपरिहार्य असेल, तर त्याच जागी आडव्या चौकटीने तेवढीच मजबुती आणि इतरत्र तेवढाच फोम आधी द्यावा.

सपाट तळ मात्र जरूर करावा, पण शक्य तितका खाली. तळ जितके इंच वर नेला तितका उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि अरुंद बोटीत त्याचा परिणाम लगेच जाणवतो. पुढचा चौथरा बाकाच्या उंचीपेक्षा वर नेऊ नये. साहित्याविषयी सांगायचे तर, ३ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे आठ किलो आणि १२ मिलिमीटरच्या कोरड्या प्लायवूडचे साधारण सात किलो असते. म्हणजे सुरुवातीला फरक फारसा नाही, पण प्लायवूड पाणी पिऊन जड होते आणि पत्रा होत नाही. खर्च परवडत असेल तर पत्राच घ्यावा, त्याखाली पुरेशा आडव्या पट्ट्या द्याव्यात आणि वर गालिच्याऐवजी खरखरीत रंग लावावा. तळपाट स्क्रूने बसवावा, म्हणजे वर्षातून एकदा उचलून खालचा भाग धुता येईल.

प्रश्न: जुना रंग काढताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: कॉस्टिक सोडा असलेले रंग काढण्याचे द्रावण वापरू नये, ते रंगाबरोबर धातूही खाते. साध्या पोलादी तारेच्या ब्रशनेही घासू नये, कारण पोलादाचे कण पत्र्यात रुतून तिथे गंज सुरू होतो. जुन्या बोटींवर रंगाखाली पिवळसर हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे, म्हणून कोरडे घासू नये. ओल्या पॉलिश पेपरने, योग्य श्वसनमुखवटा लावून घासावे. उघड्या धातूवर ऑक्साइडचा थर लगेच येऊ लागतो. घासून, पुसून, वाळल्यावर त्याच दिवशी एच (etch, म्हणजे आम्लाने धातूला पकड घेणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर लावला नाही, तर वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो.

प्रश्न: इलेक्ट्रिक मोटार, दिवे आणि पंप यांची वायरिंग मोटारगाडीप्रमाणे करता येईल का?

उत्तर: नाही. मोटारगाडीत परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडी अंगातून नेतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत तसे केले तर भरकटलेल्या प्रवाहामुळे पत्रा वेगाने झिजतो. प्रत्येक उपकरणाला धन आणि ऋण अशा दोन स्वतंत्र वायरी द्याव्यात, त्या कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असाव्यात, आणि पत्र्यातून जाताना रबरी कडी घालावी. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ, अठरा सेंटिमीटरच्या आत असावा. ५५ पौंड जोराची बारा व्होल्टची मोटार पूर्ण वेगात सुमारे पन्नास अँपिअर ओढते, म्हणून तिला स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र ब्रेकर द्यावा. बॅटरी शक्यतो पुढच्या बाजूला, पेटीत आणि पट्ट्याने बांधून ठेवावी. मोटार, इंधन आणि चालक आधीच मागे असतात. पाणी उपसणारा पंप मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवरून थेट जोडावा, म्हणजे बोट बांधून ठेवून सर्व काही बंद केलेले असतानाही पावसाचे पाणी साचले तर तो चालू होईल.