कीड, किडा की कीटक?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही बागप्रेमी मंडळी परसातल्या झाडांचे आणि त्यांच्यावर येणाऱ्या जिवांचे फोटो एकमेकांना पाठवतो. एकाच अळीला कुणी कीड म्हणतं, कुणी किडा, कुणी कीटक. यातलं बरोबर काय? की तिन्ही एकच? शिवाय अळी आणि सुरवंट यांत फरक काय?"

तिन्ही शब्द एकाच घरातले. संस्कृतातला 'कीट' प्राकृताच्या वाटेनं येताना झिजला आणि मराठीत 'कीड' व 'किडा' झाला. 'कीटक' आपण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. म्हणून पहिले दोन रोजच्या बोलण्यात मुरलेले आणि तिसरा थोडा पुस्तकी, हे कुणालाही जाणवतं. पण खरी गंमत कीड आणि किडा या सख्ख्या भावंडांमध्ये आहे.

दोघांच्या विभक्ती आणि क्रियापदं बघा. झाडाला कीड लागते, पण किडा झाडावर बसतो, चढतो, उडून जातो. 'कीड उडून गेली' हे वाक्य व्याकरणात कुठेही चुकलेलं नाही, तरी कानाला खटकतं. मोजायला गेलं तरी तेच. 'तीन किडे दिसले' म्हणजे तीन जीव दिसले. 'वांग्यावरच्या तीन किडी' म्हटलं की तीन प्रकार डोळ्यांपुढे येतात, मग त्यांची संख्या हजारोंनी का असेना. एकवचनातली 'कीड' तर जवळजवळ समूहवाचकच आहे. दाताला कीड लागते तेव्हा तिथे वळवळणारं काही नसतंच. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानं दाताचं कवच विरघळतं. तरीही आपण कीडच म्हणतो, कारण आत काहीतरी पोखरलं जातंय हे महत्त्वाचं. लाकूड किडतं, सुपारी किडकी निघते, तिथेही लक्ष नुकसानीकडे असतं.

म्हणून माझं उत्तर असं: किडा हा जीव आहे, आणि कीड हे त्या जिवाचं आपल्या झाडाशी, पिकाशी असलेलं नातं आहे. 'कीड' म्हटलं की निवाडा झाला.

याचा पुरावा आपल्याच भाषेत आहे. तुतीची पानं फस्त करणाऱ्या अळीला आपण रेशमाचा किडा म्हणतो. रेशीमकीड हा शब्द बोलण्यात सहसा ऐकू येत नाही, कारण ती पानं आपण तिच्यासाठीच वाढवलेली असतात. उलट त्या अळीवर अंडी घालून तिला मारणारी उझी माशी ही रेशीम उत्पादकाच्या लेखी कीड. अशाच सवयीची एखादी माशी किंवा गांधीलमाशी भाजीवरच्या अळ्यांवर अंडी घालत असेल, तर ती मित्रकीटक. दुसरं उदाहरण मला त्याहूनही आवडतं. खोडावर, पानांच्या शिरांवर चिकटून रस शोषणारी खवले कीड आणि फांद्यांवर लाख तयार करणारा लाखेचा किडा हे एकाच कुळगटातले. दोघंही सोंड खुपसून झाडाचा रसच पितात. एकाच्या नावात कीड आणि दुसऱ्याच्या नावात किडा, कारण दुसऱ्याची लाख आपल्या कामाची. शब्द निवडताना मराठी माणसानं किती बारकाईनं विचार केलाय ते बघा.

आता कीटक. हा शब्द शास्त्रानं उचलला आणि त्याला सीमा आखून दिली: सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे शरीराचे तीन भाग. कोळ्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नाही. गोम नाही, गोगलगाय नाही, गांडूळही नाही. बोलताना आपण कोळ्यालाही सहज किडा म्हणून जातो आणि त्यात बिघडत काही नाही. पण ओळख विचारताना 'हा कोणता कीटक?' असं लिहून खाली कोळ्याचा फोटो टाकला, तर जाणकाराला आधी तेवढं सांगण्यात वेळ घालवावा लागतो.

या सीमेचा बागेत प्रत्यक्ष उपयोग आहे. गुलाबाच्या पानामागे बारीक जाळी करणारा लाल कोळी (घरातल्या कोळ्याचा हा अगदी बारीक, रस शोषणारा नातलग) ही कीड आहे, पण तो कीटक नाही. म्हणूनच कीटकनाशक आणि कीडनाशक हे दोन वेगळे शब्द. कीडनाशक हा मोठा शब्द, त्यात कोळीनाशकही आलं. लाल कोळ्यावर साधं कीटकनाशक मारलं तर तो आटोक्यात येईलच असं नाही. कोळ्याला खाणारे कीटक मात्र मरतात आणि तो आणखी फोफावतो. शास्त्रीय लेखनात कीड या अर्थी 'पीडक' हा शब्दही दिसतो. अर्थ नेमका आहे, पण रुळलेली कीड असताना मी तो वापरणार नाही.

अळी आणि सुरवंट यांचं सोपं आहे. अंड्यातून निघाल्यापासून कोशात जाईपर्यंतची अवस्था ती अळी. ती फुलपाखराची असेल, पतंगाची, भुंगेऱ्याची किंवा माशीचीही. जमिनीत मुळं खाणारी हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. सुरवंट म्हणजे अंगावर केस असलेली, हात लागला की खाज आणणारी अळी, आणि ती सहसा पतंगाची असते. थोडक्यात प्रत्येक सुरवंट अळी असतो, पण प्रत्येक अळी सुरवंट नसते. गुळगुळीत हिरव्या अळीला सुरवंट म्हणू नये.

आता तुमच्या फोटोंकडे येऊ. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर काळपट-तपकिरी, पांढरे डाग असलेलं, पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसतं. नीट बघितलं तर ते हळूच सरकतं. काही वेळा कात टाकल्यावर तेच पानासारखं हिरवंगार होतं. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगं झटकन बाहेर येतात, उग्र वास सुटतो आणि शिंगं पुन्हा आत जातात. ही फुलपाखराची अळी. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं निलवंत याच गोतावळ्यातलं, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. 'लिंबाला कीड लागलीय, काय करू?' असं लिहिलंत तर दहा जण फवारणी सांगतील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. तुम्ही कीड म्हणालात, त्यांनी उपाय दिला. 'लिंबावर ही अळी दिसली, कुणाची असेल?' असं लिहिलंत तर उत्तरात फुलपाखराचं नाव येईल. 'ला'चा 'वर' केल्यानं एवढा फरक पडतो. रोपवाटिकेतली कोवळी रोपं ओरबाडली जात असतील तर हीच अळी कीड ठरते, आणि तिथे तो शब्द योग्यच आहे.

ढालकिड्याच्या बाबतीत असा शब्द जपून वापरण्याची फार गरज आहे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला प्रौढ किडा सगळे ओळखतात, त्याचं कौतुकही करतात. त्याची अळी मात्र लांबुडकी, करडी-काळी, अंगावर नारिंगी डाग आणि बारीक काटे, जणू इवलीशी मगर. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खाण्यात ती आई-बापाला हार जात नाही. पण 'ही कसली कीड?' या प्रश्नाच्या ओघातच ती चिरडली जाते. त्याच कुळातला वांग्याची पानं खरवडून जाळी करणारा ठिपकेदार भुंगेरा मात्र खरोखर कीड आहे. म्हणून फोटोबरोबर झाड कोणतं, पान खाल्लेलं आहे का, जवळ मावा आहे का, हेही लिहावं.

एके ठिकाणी मात्र 'कीड' हाच शब्द हवा आणि तो ठणकावून वापरावा: छाट, कंद, रोपं एकमेकांना देताना. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दडलेला असतो, तो रोपाबरोबर दुसऱ्याच्या बागेत मुक्कामाला जातो. 'थोडे किडे आहेत' म्हटलं तर घेणारा हसून सोडून देईल. 'कीड आहे, आठवडाभर वेगळं ठेवा' असं म्हटलं की तो सावध होतो.

शुद्धलेखनाचंही सांगून टाकतो. कीड दीर्घ, पण किडीला, किडींमुळे, किडलेला, किडका ऱ्हस्व. किडा, किडे ऱ्हस्व. कीटक तत्सम, म्हणून कीटकाला, कीटकांचा असं सगळीकडे दीर्घच. समासात कीड दीर्घ राहते: कीडनाशक, कीडनियंत्रण. आणि अळी लिहिताना 'अ' सांभाळा. बोलताना बरेच जण आळी म्हणतात, पण खोडाभोवती पाण्यासाठी केलेल्या आळ्याचं अनेकवचनही आळी होतं. 'झाडांना आळी केली' आणि 'झाडांना अळी लागली' ही दोन्ही वाक्यं बागेतलीच, वाचणाऱ्याचा घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.