वाचकांचे प्रश्न : फ्लाय बदलण्याआधी लाइन बघा

या वेळी डोंगरातल्या नद्यांवर फ्लायनं (गळावर पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा) ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरण्याबद्दल बरेच प्रश्न आलेत. बरेचसे एकाच दुखण्याचे होते म्हणून एकत्र केलेत, आणि लांबलचक प्रश्नांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न : सर, ट्राउट फ्लायपर्यंत वर येतो, अगदी नाक लावतो म्हणा ना, आणि परत खाली जातो. डब्यातल्या सगळ्या फ्लाय बदलून झाल्या. आता नवीन कुठली घेऊ?

उत्तर : कुठलीच नको. मासा वर आला म्हणजे त्याला ती खाण्यासारखी वाटली, इथपर्यंत तुमचं सगळं बरोबर आहे. शेवटच्या क्षणी काहीतरी खटकलं, आणि ते खटकणारं बहुतेक वेळा ड्रॅग असतं, म्हणजे लाइनच्या (रॉडला लावलेल्या जाड दोरीच्या) ओढीनं फ्लायचं फरफटणं. डोंगरातल्या नदीत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाणी एका वेगानं कधीच वाहत नाही, मधे जोराची धार असते, दगडामागे संथ असतं, काठाला तर कधी उलटं फिरतं. तुम्ही लाइन त्या मधल्या धारेवर आडवी टाकता, धार तिला पोटातून खाली ओढते, आणि पलीकडच्या संथ पाण्यात बसलेली फ्लाय फरफटत निघते. खरा किडा असा पळत नाही हो, तो पाणी नेईल तसा जातो. ट्राउट दिवसभर तेच बघत असतो त्यामुळे त्याला हे लगेच कळतं, तुम्हाला वीस फुटांवरून कळत नाही एवढाच फरक.

ओळखायचं कसं? फ्लायच्या शेजारून वाहणारा फेसाचा बुडबुडा बघा. फ्लाय त्याच्या पुढे जायला लागली किंवा मागे राहिली की ड्रॅग आला. आता उपाय, आणि पहिला उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे, तो म्हणजे जवळ जा. लाइन जितकी कमी पाण्यावर तितका त्रास कमी, छोट्या खळाळत्या नदीत तर रॉड उंच धरून लाइन पाण्याला लागूच द्यायची नाही, फक्त लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक धागा) आणि फ्लाय पाण्यावर. जवळ जाणं शक्य नसेल तर लाइन पडल्या पडल्या मेंड करा, म्हणजे रॉडचं टोक उचलून लाइनचं पोट वरच्या अंगाला टाकून द्या, फ्लाय न हलवता. उशिरा केलेला मेंड फ्लायलाच हिसका देतो त्यामुळे तो न केलेला बरा. आणि टिपेट (लीडरचं फ्लायकडचं टोक) थोडा लांब आणि बारीक करून बघा. ५एक्स टिपेट म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर, १४ ते १६ नंबरच्या फ्लायला ठीक आहे (नंबर मोठा तितकी फ्लाय लहान). ३एक्स ०.२० चा असतो, तो ताठ राहतो आणि छोट्या फ्लायला ओढून नेतो.

एवढं करूनही परत जातोय, मग फ्लाय एक साइज लहान घ्या. आधी साइज, मग आकार, रंग सगळ्यात शेवटी, माझा तरी हाच क्रम आहे. आणखी एक बघायचं, मासा उठला की पाण्यावर बुडबुडा राहतो का. राहिला तर त्यानं वरचा किडा घेतला, तोंडात हवा गेली. नुसती पाठ दिसली आणि बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या बोटभर खाली, कात टाकून वर येणारे किडे खातोय, आणि तुमची वर तरंगणारी ड्राय फ्लाय त्याच्या डोक्यावरून फुकट चाललीय. तिथे वजन नसलेली छोटी निम्फ (पाण्याखालून चालणारी फ्लाय) लावा.

फ्लायचा डबा वाढवायचा मोह मला कळतो, पण ॲडम्स ही फ्लाय घ्या उदाहरणार्थ, १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधलेली, ती कुठल्याच एका किड्यासारखी नाही आणि तरी शंभर वर्षं चालतेय. तिच्या जोडीला एल्क हेअर कॅडिस, फेझंट टेल निम्फ आणि हेअर्स इअर या फ्लाय दोन-तीन साइजमध्ये असल्या की डोंगरी नदीवर बराच काळ भागतं.

प्रश्न : कास्ट करताना (फेकताना) लाइन पुढे जाऊन ढिगासारखी पडते. ताकद वाढवली तर अजून वाईट. रॉड हलका पडतोय का? माझा ९ फुटी ५ वेट आहे.

उत्तर : रॉड उत्तम आहे. ताकद कमी करा. साध्या गळात वजन टोकाला असतं आणि ते दोरीला ओढून नेतं, इथे उलटं, फ्लायला वजनच नाही, लाइनलाच वजन आहे आणि तीच फ्लायला नेते. ५ वेट म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, जेमतेम ९ ग्रॅम. ते ९ ग्रॅम मागे पूर्ण सरळ झाले तरच रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड एकदम थांबवला की लाइन पुढे उलगडत जाते. तुम्ही बहुतेक मागे थांबतच नाही, लाइन अजून मागे जातेय तोवर पुढे झोडपता, मग रॉड कशावर वाकणार? मान वळवून मागची लाइन बघा, लाज वाटायचं कारण नाही, चांगले चांगले बघतात. दुसरी चूक म्हणजे मनगट मोडून रॉड पार मागे आडवा नेणं, मग लाइन जमिनीकडे जाते. घड्याळाच्या काट्यांचा हिशेब सगळे सांगतात, दहा आणि दोन, मी एक म्हणेन, मागे एकच्या पुढे नेऊ नका.

आणि मागे झाडं असतील (डोंगरात असतातच) तर हे सगळं विसरून रोल कास्ट शिका. लाइन पाण्यावरून हळू मागे ओढत आणायची, खांद्यामागे तिची कमान लोंबली की थांबायचं, मग पुढे ढकलायचं, मागे जागाच लागत नाही.

प्रश्न : पाणी इतकं स्वच्छ आहे की तळाचे खडे मोजता येतात. मी काठावर पोचतो आणि सावल्या सुळकन पळतात. रंगीत शर्टामुळे होतं का?

उत्तर : शर्टाचा थोडा वाटा असेल, पण जास्त तुमच्या उभं राहण्याचा आहे. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं, प्रकाश वाकतो त्यामुळे. साधारण ९७ अंशांचा तो शंकू असतो, म्हणजे मासा अर्धा मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर त्याची खिडकी सव्वा मीटरच्या आत. पण त्या खिडकीच्या कडेला काठावरचं सगळं दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे काठावर ताठ उभा माणूस माशाला लांबूनही दिसतो. पाण्याच्या सपाटीपासून १० अंशांच्या खाली जे आहे ते मात्र जवळजवळ दिसत नाही. म्हणून वाका, गुडघ्यावर बसा, दगडाआड रहा. मासा तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगानं मागून जा. भोवऱ्यात मात्र पाणी उलटं फिरतं, तिथे मासाही उलटा उभा असतो आणि तुम्ही थेट त्याच्या तोंडासमोर जाता, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पाय आपटू नका, दणका त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेतून (कंप टिपणाऱ्या कडेच्या रेघेतून) कळतो.

आणि पाण्यात पाय घालायच्या आधी काठालगतचं पाणी बघा. सगळे मधल्या डोहाकडे बघत चालतात आणि घोटाभर पाण्यातला मासा पायाखालून पळवतात, तो पळाला की वरचेही पळतात. जिथे जोराची धार आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतात ती शिवण, मोठ्या दगडाचा पुढचा आणि मागचा भाग, डोहाचं तोंड, खालून पोखरलेला काठ, या जागा आधी. माशाला कमी दमता जास्त खायला मिळेल अशी जागा हवी असते. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा मात्र घ्याच, रॉडपेक्षा आधी घेतला तरी चालेल.

प्रश्न : काका, मी दहावीत आहे. रील (लाइन गुंडाळायची चकरी) नसलेली तेंकारा रॉड घेतली तर ते खरं फ्लाय फिशिंग म्हणतात का? मित्र हसतात.

उत्तर : हसू दे. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर पोटासाठी मासे धरणाऱ्यांची पद्धत आहे ती, आणि पहिल्या प्रश्नात मी जे रामायण सांगितलं, लाइन पाण्यावर पडू देऊ नका वगैरे, ते या लांब रॉडनं आपोआप होतं. छोट्या नदीवर तू त्यांच्या आधी मासा धरशील. मोठ्या रुंद नदीवर हात कमी पडेल आणि मोठा मासा पळाला तर सोडायला जास्तीची लाइन नसेल, तेव्हा रील घे.

प्रश्न : उन्हाळ्यात सकाळी छान लागतात आणि दुपारी एकदम बंद, जणू नदीत मासाच नाही. दुपारी कुठली फ्लाय चालते?

उत्तर : परत फ्लाय! थर्मामीटर घ्या. ट्राउट साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसला मनापासून खातो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, ० अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम मावतो तो २० अंशाला ९ च्या आसपास येतो, उंचावर त्याहून कमी, आणि नेमकी तेव्हाच माशाच्या शरीराला जास्त हवा लागते. १८ पर्यंत फेसाळत्या खळाळात बघा, तिथे हवा जास्त मिसळते म्हणून मासे तिकडे सरकतात. २० झालं की रॉड गुंडाळा. मासा लागेलही, पण झुंजून दमलेला मासा कोमट पाण्यात सोडला तर पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो.

बर्फाच्या पाण्याची नदी असेल तर दुपारचं कारण वेगळं असतं. ऊन चढलं की बर्फ वितळतं, पाणी वाढतं, गढूळ होतं आणि उलट गार पडतं. तिथे थर्मामीटरपेक्षा पाण्याचा रंग बघा. काठाच्या संथ पट्ट्यात वजनदार निम्फ चालते कधी कधी.

प्रश्न : सोडून दिलेला मासा मरतोच असं मित्र म्हणतो, मग सोडायचा कशाला?

उत्तर : नीट सोडला तर बहुतेक जगतात. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा पटकन आणा, हात ओले करून मगच धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. रबराचं जाळं वापरा, मासा जाळ्यात पण पाण्यातच ठेवा. फोटोसाठी बाहेर काढायचाच असेल तर १० सेकंदांच्या आत परत. फोटोसाठी पोट दाबून धरणाऱ्यांना मी काय म्हणतो ते इथे छापत नाहीत. गळ खोल गेला असेल तर ओढत बसू नका, टिपेट कापून टाका.

आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या सुमाराला खड्यांमध्ये अंडी घालतात, रेनबो सहसा वसंतात. तळावर आजूबाजूपेक्षा उजळ, घासून काढल्यासारखा खड्यांचा गोल पट्टा दिसला तर ते घरटं, त्यावर पाय देऊ नका आणि त्यावरच्या माशावर फ्लाय टाकू नका.

प्रश्न : ट्राउट सगळीकडे मूळचाच आहे का? आणि हा साहेबांनीच काढलेला खेळ ना?

उत्तर : दोन्ही नाही. साधारण इसवी सन २०० च्या आसपास एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि पिसं बांधून ठिपकेदार मासे धरतात असं लिहून ठेवलंय. ब्राउन ट्राउट मूळ युरोप आणि त्याला लागून असलेल्या आशिया-आफ्रिकेच्या भागातला, रेनबो उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूच्या नद्यांतला आणि रशियातल्या कामचाटकाचा. बाकी बहुतेक ठिकाणी माणसानं नेलाय. १८६४ साली नॉरफोक नावाच्या जहाजातून बर्फात ठेवलेली अंडी इंग्लंडहून मेलबर्नला आणि तिथून टास्मानियाला गेली, खरं म्हणजे सगळा खटाटोप सॅमनसाठी होता, ट्राउटची अंडी सोबत होती. सॅमन काही तिथे टिकला नाही, ट्राउट टिकला, आणि तिथून १८६७ ला न्यूझीलंडला पोचला. तिथल्या मूळच्या छोट्या गॅलॅक्सिड माशांना तो महागात पडला, काही ओढ्यांतून ते संपलेच. मला हा मासा कितीही आवडत असला तरी जिथे तो मूळचा नाही तिथे त्याला नव्या ओढ्यात नेऊन सोडू नका, कायद्यानंही बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

प्रश्न : नदी ओलांडताना भीती वाटते. फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्याचे बूट घेऊ का?

उत्तर : भीती वाटते हे चांगलं आहे. फेल्ट ओल्या गुळगुळीत दगडावर पकड देतो हे खरं, पण तो लवकर वाळत नाही आणि त्यातून डिडिमोसारखं शेवाळ एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. न्यूझीलंडनं २००८ साली फेल्टवर बंदी घातली, इतरही काही ठिकाणी बंदी आहे, आधी नियम बघा. रबरी तळवा आणि त्याला धातूच्या टिकल्या घेतल्या तर काम भागतं. काठी घ्या, वेडरच्या (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पँटच्या) कमरेला पट्टा घट्ट बांधा म्हणजे पडलात तरी पाणी पटकन आत भरणार नाही. ओलांडताना थोडं खालच्या दिशेनं तिरपं जा, एका वेळी एकच पाय उचला, पाणी मांडीच्या वर यायला लागलं की मागे फिरा. वाहून गेलातच तर पाठीवर व्हा, पाय पुढे, खालच्या दिशेला, आणि उथळ पाणी येईपर्यंत उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते विचारून घ्या. आणि नदीत उतरल्यावर आधी ज्या दगडावर उभे आहात त्यावरची पाण्याची रेघ बघून ठेवा, ती चढतेय असं वाटलं तर मासा गळाला असला तरी तोडून बाहेर या.