घरपट्टी माझ्या नावावर आहे, मग घर मी एकटा विकू शकतो का?

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्रालगत आमचं घर आहे. वडील शिक्षक, घराणं शेतकऱ्याचं. १९७४ साली त्यांनी स्वतःच्या पगारातून २४ गुंठे जमीन खरेदीखताने घेतली आणि पुढे तिथे चिऱ्याचं घर बांधलं. वडील २०११ मध्ये गेले, आई २०१९ मध्ये. मृत्युपत्र कोणाचंच नाही. आम्ही चार भावंडं. थोरल्या बहिणीचं लग्न १९८६ मध्ये झालं. एक भाऊ मस्कतला आहे. दुसरा २०२१ मध्ये वारला. त्याची पत्नी आणि १४ वर्षांची मुलगी चिपळूणला असतात. चौथा मी, ठाण्यात. सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, पण घरपट्टी मी भरतो आणि ग्रामपंचायतीत घर माझ्या नावे लागलं आहे. पुण्याचं एक गिऱ्हाईक पाच लाख रुपये रोख विसार द्यायला तयार आहे. एजंट म्हणतो, बहिणीचं लग्न १९९४ आधीचं असल्याने तिचा हक्क नाही, बाकीच्यांच्या सह्या मागाहून घेऊ. शिवाय तो सांगतो की पडवी वाढवून त्यात न्हाणीघर काढा, रंग द्या आणि घर पावसाळा संपल्यावर दाखवा, कारण एप्रिलअखेरीस विहिरीचं पाणी मचूळ होतं. दुरुस्तीला चार लाख लागतील. काय करू?

उत्तर : गिऱ्हाईक पुढ्यात उभं आहे, म्हणून आधी विसाराचं सांगतो. विसार घेऊ नका. रोख तर मुळीच नको. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम आगाऊ म्हणून रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. पण त्याहून मोठी अडचण साठेखताची, म्हणजे विक्रीच्या आगाऊ कराराची आहे. तुम्ही एकट्याने संपूर्ण घराचं साठेखत करून दिलंत आणि एकाने जरी सही नाकारली, तर गिऱ्हाईक तुमच्यावर करारपूर्तीचा दावा लावेल. स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यात करार पुरा करून देण्याचा हुकूम हाच कोर्टाचा नेहमीचा मार्ग झाला आहे. बाकीच्यांचे हिस्से तुम्ही देऊ शकणार नाही, पण स्वतःचा हिस्सा आणि व्याजासह परतीची रक्कम यांत तुम्ही अडकाल. तिकडे बहीण मनाईचा दावा आणेल. अशी घरं दहा-दहा वर्षं कुलपात पडून राहतात आणि वाळवी तारखा मोजत बसत नाही.

आता घरपट्टीचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लागतं ते कर कोणाकडून वसूल करायचा हे ठरवण्यासाठी. त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही. तुम्ही इतकी वर्षं घर राखलंत, पट्टी भरलीत, दर मे महिन्यात कौलं चाळून घेतलीत, याची किंमत मला कमी वाटत नाही. तिचा हिशेब कसा मागायचा ते शेवटी लिहिलं आहे. पण मालकी वारसाहक्काने ठरते.

जमीन वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतली, म्हणजे ती त्यांची स्वकष्टार्जित मिळकत. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे आणि अशा मिळकतीत मुलगी पहिल्या दिवसापासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. एजंट जे १९९४ सांगतो ते अगदीच हवेतून आलेलं नाही. महाराष्ट्राने त्या वर्षी मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला होता आणि त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. पण तो कायदा तुमच्या वडिलांच्या जमिनीसारख्या स्वकष्टार्जित मिळकतीला लागूच नव्हता. आणि वडिलोपार्जित मिळकतीतसुद्धा २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने व २०२० च्या विनीता शर्मा खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लग्नाच्या तारखेचा मुद्दा संपवला आहे. कोकणातल्या कितीतरी बहिणींना आजही हे १९९४ ऐकवून गप्प बसवलं जातं. तुम्ही तसं करू नका.

हिस्से असे पडतात. वडील गेले तेव्हा आई आणि चार मुलं यांना प्रत्येकी एक पंचमांश. आई गेल्यावर तिचा भाग चौघांत सारखा वाटला गेला, म्हणून प्रत्येकी एक चतुर्थांश. नंतर भाऊ वारला, त्याचा चतुर्थांश त्याच्या पत्नीला आणि मुलीला निम्मानिम्मा. म्हणजे आज बहीण, मस्कतचे भाऊ आणि तुम्ही प्रत्येकी चार आणे, वहिनी दोन आणे, पुतणी दोन आणे.

पुतणीच्या दोन आण्यांकडे एजंटाचं लक्षही गेलेलं दिसत नाही, आणि या प्रकरणातली सर्वांत नाजूक गाठ तीच आहे. तिच्या वडिलांची वारस म्हणून मिळालेला हा तिचा स्वतंत्र हिस्सा आहे. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाची अशी स्थावर मिळकत आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी न घेता वहिनींनी तिच्या वतीने सही केली, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत ती विक्री रद्द करून मागू शकते. जाणता वकील असलेला कोणताही खरेदीदार हा धोका पत्करणार नाही. म्हणून वहिनींनी कोर्टात अर्ज करायचा. विक्रीत मुलीचं स्पष्ट हित आहे हे दाखवावं लागेल : घर बंद आहे, खाऱ्या वाऱ्याने झिजतंय, पैसे तिच्या शिक्षणाला लागतील. तिच्या वाट्याची रक्कम तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची अट कोर्ट घालू शकतं, आणि ते योग्यच आहे. याला काही महिने जातात, म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी हा अर्ज दाखल व्हायला हवा.

त्याच वेळी सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्या. वडिलांचा, आईचा आणि भावाचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्यांकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. वारसांत बहीण आणि पुतणी यांची नावं वगळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते खोटं प्रतिज्ञापत्र होईल.

बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यावं का, असं तुम्ही पुढे विचाराल. घर विकायचंच आहे तर माझ्या मते त्याची गरज नाही. सगळे वारस खरेदीखतावर विक्रेते म्हणून येतात आणि प्रत्येकाची रक्कम थेट त्याच्या खात्यात जाते. बहिणीला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र होईल, पण विक्रीची किंमत तिला आधी कळलेली असली पाहिजे. अर्धवट सांगून घेतलेली सही पुढे कोर्टात टिकत नाही.

मस्कतचे भाऊ येऊ शकत नसतील तर तिथल्या भारतीय दूतावासात फक्त या विक्रीपुरतं मुखत्यारपत्र करून पाठवू द्या, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. ही मुदत अनेकजण चुकवतात. भाऊ अनिवासी असल्याने त्यांच्या रकमेतून खरेदीदाराला करकपात करावी लागेल आणि ती निवासी विक्रेत्यापेक्षा बरीच जास्त असते. भावाने आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढला तर पैसे अडकत नाहीत.

आता पुण्याचं गिऱ्हाईक. त्यांना पहिला प्रश्न विचारा : तुमच्या नावावर कुठे शेतजमीन आहे का? तुमची जमीन बिनशेती केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ती शेतजमीनच धरतो. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे डावलून खरेदीखत नोंदलं गेलं तरी व्यवहार बेकायदा ठरवून तहसीलदार कारवाई करू शकतात. तुमची जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर महसूल कायद्याच्या कलम ४२ ड खाली निवासी वापरासाठी बिनशेतीचा मार्ग बराच सोपा आहे. तहसील कार्यालयात सध्याची पद्धत विचारा. मोजणीचा नकाशा घेऊन तिथे जा. आणि १९७४ च्या खरेदीचा जुना फेरफारही काढा. वडिलांना जमीन विकणाऱ्याला ती कूळ म्हणून कूळकायद्याच्या कलम ३२ ग खाली मिळाली असेल, तर त्या वेळी कलम ४३ ची परवानगी घेतली होती का, हे खरेदीदाराचा वकील तिसऱ्या मिनिटाला विचारेल. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना नीट वाचा.

पडवी वाढवून न्हाणीघर काढायचा बेत सोडून द्या. समुद्राला लागून असलेल्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा सहसा सीआरझेडच्या (किनारी बांधकामावरच्या केंद्रीय नियमांच्या) ना-विकास क्षेत्रात येतो. तिथे जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती, अगदी पुनर्बांधणीही करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र आहे तेवढंच ठेवून. एक वाढीव खोली म्हणजे नवं अनधिकृत बांधकाम, आणि त्यामुळे धडधाकट घरावरही शंका येते. बिनशेती झाली म्हणून सीआरझेड सुटत नाही. कौलं बदला, वासे बदला, गिलावा करा, गडगा नीट लावून घ्या, रंग द्या. जुन्या जोत्याचे पुरावे जमवा : जुनी घरपट्टीची पावती, वीजजोडणीचा कागद, आणि जून २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं असेल तर तेव्हाच्या पंचनाम्याची नक्कल. त्या वादळानंतर दापोली-मंडणगडात झालेले पंचनामे ही आज घर तिथे होतं हे दाखवणारी फार उपयोगी कागदपत्रं आहेत, आणि त्यांचा विचार फार थोडे लोक करतात.

विहिरीचं मात्र मला जरा कडक सांगायचं आहे. मिळकत हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला पण खरेदीदाराला नेहमीच्या काळजीने न कळणारा मोठा दोष विक्रेत्याने स्वतःहून सांगायचा असतो. भिंतीची भेग खरेदीदार बघू शकतो. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, हे त्याला कसं कळणार? न सांगणं ही कायद्याच्या भाषेत लबाडी आहे आणि त्यावरून खरेदीखतच अडचणीत येऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, पुण्याहून लेकरंबाळं घेऊन येणाऱ्या माणसाला पिण्याचं पाणी हवं. साठेखतात एक ओळ लिहा : एप्रिलअखेर ते पाऊस लागेपर्यंत विहिरीचं पाणी पिण्यायोग्य राहत नाही, नळपाणी योजनेची जोडणी आहे किंवा नाही. घरापर्यंत गाडी शेजाऱ्याच्या आवारातून जात असेल तर तेही लिहा. शेजाऱ्याच्या परवानगीने वापरलेली वाट कितीही वर्षं चालली तरी आपोआप हक्काची होत नाही. शेजारी राजी असेल तर त्याच्याकडून वाटेचा हक्क नोंदणी करून घ्या, घराला किंमत चढेल.

राहिला चार लाखांचा प्रश्न. पडवी वगळल्यावर खर्च उतरेल. जो करायचा तो सगळ्यांना विचारून करा. साध्या कागदावर नव्हे, योग्य मुद्रांकावर पाच वारसांचा एक करार करा (पुतणीच्या वतीने वहिनी, आणि कोर्टाच्या अर्जातही त्याचा उल्लेख). त्यात लिहा : दुरुस्तीसाठी इतके रुपये तुम्ही आगाऊ घालणार, बिलं दाखवणार, २०१९ पासून भरलेली घरपट्टी आणि राखणीचा खर्च अमुक इतका, विक्रीच्या रकमेतून हे आधी तुम्हाला मिळणार आणि उरलेलं हिश्शाप्रमाणे वाटलं जाणार, किमान किंमत इतकी, त्याखाली कोणी एकटा हो म्हणणार नाही. एजंटाची दलाली किती, हेही त्यातच ठरवा. त्या कागदावर पाचही जणांची संमती झाली की एजंटाला सांगा, गिऱ्हाईकाला शेतकरी असल्याचा दाखला घेऊन बोलवा. विसार धनादेशाने घेऊ आणि साठेखतावर सगळे सही करू.