वॉर्मटोन डेव्हलपर वापरूनही माझे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट थंड राखाडीच का येतात?

तुम्ही लिहिलंय की नेहमीचा न्यूट्रल आरसी मल्टीग्रेड कागद (प्लास्टिकचा लेप असलेला, कॉन्ट्रास्ट बदलता येणारा) आहे, वॉर्मटोन डेव्हलपरच्या, म्हणजे उबदार तपकिरी छटेसाठीच्या डेव्हलपरच्या, दोन बाटल्या संपल्या, तरी प्रिंटला तपकिरी छटा काही येत नाही. याच चुकीत माझा एक अख्खा हिवाळा गेला होता. डेव्हलपर बदलणं थांबवा, आधी कागद बदला.

प्रिंटमधला काळा म्हणजे चांदीचे कण. कण अगदी बारीक असले की ते निळा प्रकाश जास्त शोषतात आणि काळ्यात तपकिरी झाक दिसते. कण मोठे झाले की रंग न्यूट्रलकडे, मग थंडपणाकडे सरकतो. वॉर्मटोन कागदाचं इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, क्लोरोब्रोमाइडचं (चांदीच्या क्लोराइड आणि ब्रोमाइडचं) असतं आणि त्यात असे बारीक कण तयार होतात. न्यूट्रल कागदावर डेव्हलपर बदलून रंग जेमतेम हलतो. इलफर्डचा मल्टीग्रेड एफबी वॉर्मटोन किंवा फोमाचा फोमाटोन घ्या. हे कागद बरेच मंद आहेत, एक्स्पोजर वाढवावं लागेल. जुन्या टेस्ट स्ट्रिपवर (एक्स्पोजर ठरवायच्या चाचणी पट्टीवर) विसंबू नका.

कागद बदलला की डेव्हलपरला खरं काम मिळतं. एक्स्पोजर थोडं जास्त आणि डेव्हलपिंग थोडं कमी, असं केलं की कण वाढायच्या आत थांबतात. एकच निगेटिव्ह घेऊन दीड, दोन आणि तीन मिनिटांचे तीन प्रिंट काढा, प्रत्येकाचं एक्स्पोजर जुळवून. फरक डोळ्यांना दिसेल. मात्र फार लवकर बाहेर काढलंत तर काळे भाग चिखलासारखे येतात, आणि मेलेल्या काळ्याला कुठलीही छटा वाचवत नाही. डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइडचं १० टक्के द्रावण थोडंसं घातलं तरी छटा उबदार होते, फक्त डेव्हलपिंग मंदावतं. बेंझोट्रायाझोल मात्र घालू नका, ते उलट निळसरपणाकडे नेतं.

सेफलाइटखाली (डार्करूमच्या मंद रंगीत दिव्याखाली) छटेचा अंदाज बांधूच नका. ओला प्रिंट आणि वाळलेला प्रिंट यांत टोन आणि गडदपणा दोन्ही बदलतात. मी तर वाळल्याशिवाय मत देत नाही, आणि पिवळ्या बल्बखाली तर मुळीच नाही; तिथे प्रत्येक प्रिंट वॉर्म दिसतो.

आता सेलेनियम टोनर, म्हणजे तयार प्रिंटची छटा बदलणारं द्रावण; माझा सगळ्यात आवडता टप्पा. न्यूट्रल कागदावर सौम्य सेलेनियमने काळे जरा गडद होतात, बस. वॉर्मटोन कागदावर १+९ (एक भाग टोनर, नऊ भाग पाणी) च्या आसपास ते लालसर-तपकिरीकडे झपाट्याने नेतं. आधी सावल्या बदलतात, उजळ भाग शेवटी. शेजारी टोन न केलेला तसाच प्रिंट पाण्यात ठेवा, नाहीतर बदल किती झाला ते डोळ्यांना कळतच नाही. सावल्या रंगल्या आणि उजळ भाग अजून शांत आहेत, त्या क्षणी प्रिंट उचलला तर एकाच चित्रात दोन छटा मिळतात. त्या क्षणासाठी मी ट्रेपासून हलत नाही. टोनरआधी फिक्सिंग आणि धुणं नीट झालेलं हवं, नाहीतर डाग पडतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. सेलेनियम विषारी आहे.

उरलेला न्यूट्रल आरसी कागद टाकून देऊ नका. त्यावर थायोयुरियाचा सेपिया (तपकिरी छटा देणारा टोनर) छान बसतो. त्याआधी वापरायचा फेरिसायनाइडचा ब्लीच (चित्र फिकं करणारं द्रावण) बराच पातळ करा आणि फक्त उजळ भाग फिके पडले की प्रिंट काढून धुवा. सेपियात उजळ भाग आधी बदलतात, सेलेनियमच्या अगदी उलट. मग टोनरमध्ये टाका. काळे काळेच राहतील आणि प्रकाशाचे भाग मधासारखे होतील. सोडियम सल्फाइडचा जुना सेपिया टोनर मिळाला तर तो डार्करूममध्ये उघडू नका: सडक्या अंड्यांचा वास तर येतोच, शिवाय त्याच्या वाफेने न वापरलेला कागद धुरकट होऊन वाया जातो.