ताई, माझ्यातली कला आटली का?

तुझं पत्र वाचकांसाठी थोडं कमी करून इथे देते:

"ताई, मला दोन मुलं. थोरला चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. लग्नाआधीपासून मी लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीवर, ठसे कोरून कागदावर छापायचे, हाताने वह्या शिवायचे, भरतकाम करायचे. त्यात तासन् तास जायचे. आता रात्री दोघं झोपली की खोकं उघडते आणि कोऱ्या कागदाकडे बघत बसते. काही म्हणता काही सुचत नाही. मग मोबाइल घेते, इतर जणींची कामं बघते आणि अजूनच खचते. गेल्या महिन्यात कसेबसे चार छाप काढून वाळत ठेवले होते. थोरल्याने त्यांच्यावर तेलखडूने रेघोट्या मारल्या. मी कागद हिसकावले, खूप ओरडले. तेव्हापासून तो माझ्या खोक्याजवळ फिरकत नाही. घरचे म्हणतात, मुलं मोठी झाली की कर. नवरा म्हणतो, रविवारी कर की, कोण अडवतंय? मी स्वार्थी आहे का? आणि माझ्यातली कला आटली का? – एक आई"

प्रिय सखी,

आधी लेकाचं बोलू. बाकी सगळं आठ-पंधरा दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबू नये. तू ओरडलीस, तो घाबरला. नंतर त्याच्याशी कुणी त्याबद्दल बोललं नसेल, तर आईच्या खोक्याजवळ गेलं की आई रागावते एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं असणार. आज त्याच्याजवळ खाली बस आणि सरळ सांग, "त्या दिवशी मी फार ओरडले. तू घाबरलास. तसं ओरडायला नको होतं. ते कागद मी खूप वेळ बसून केले होते, म्हणून मला राग आला." एवढंच सांग, पुढे उपदेश नको. मग खोकं उघड आणि आतली एकेक वस्तू दाखव: हा शाई फिरवायचा रोलर, याला हात लावायचा. ही कोरायची हत्यारं, यांना नाही, बोट कापतं. खोक्यातला एक कोपरा किंवा वेगळा डबा त्याच्या नावाचा कर. तुझ्या वाळत घातलेल्या कागदांना मात्र उंचावर दोरी आणि चिमटे हवेतच. 'माझं काम माझं आहे' हे सांगायला लाजू नकोस. आईचंही काहीतरी तिचं स्वतःचं असतं, हे चार वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

आता तुझा मुख्य प्रश्न. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तुला वाटतंय. मला वाटतं आड भरलेला आहे, दोर तोकडा पडतोय. दिवसभर दोन लहान मुलांच्या मागे धावून, तुटक झोपेवर, रात्री दहा वाजता तू कोऱ्या कागदासमोर बसतेस. त्या घडीला स्वतःला विचारतेस, "काय करू?" कलेतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि तू तो डोकं सर्वात थकलेलं असताना विचारतेस. कुणालाच सुचणार नाही. म्हणून ठरवायचं काम दिवसा उरक आणि रात्री फक्त हात चालव. जवळ छोटी वही ठेव. धाकटी भिंतीला धरून उभी राहते तेव्हा तिच्या बोटांची होणारी पकड, वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या, काहीही दिसलं की दोन शब्द, दोन रेघा टाक. चांगलं काढायचं नाही, नुसतं टिपायचं. रात्री वही उघडायची, त्यातलं एक टिपण घ्यायचं आणि कामाला लागायचं.

मुलांच्या आजूबाजूला राहून मोठं काम केलेल्या बायका झाल्या आहेत. रूथ असावा ही अमेरिकन शिल्पकार. १९४७ साली ती मेक्सिकोतल्या तोलुका गावी गेली होती. तिथले कारागीर तारेच्या टोपल्या विणायचे, ते तंत्र तिने त्यांच्याकडून उचललं. पुढे ती सहा मुलांची आई झाली आणि तिने तारेची ती तरंगती, एकात एक गुंतलेली शिल्पं घरात, मुलांच्या गराड्यात बसून विणली. ते काम नेमकं कसं होतं बघ: तारेचं एक वेटोळं, त्यात दुसरं, त्यात तिसरं. कुणी हाक मारली की खाली ठेवायचं, परत आलं की पुढचं वेटोळं. चित्रकार सोन्या दलोने हिने १९११ साली आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून एक पांघरूण शिवलं. रंगांच्या नुसत्या आकारांतून चित्र उभं करण्याची तिची वाट तिथून मोकळी झाली. ते पांघरूण आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थला १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये तिळं झालं, आणि त्यानंतर पुन्हा दगड कोरायला घेतला तेव्हा आपल्या कामाची दिशाच बदलली, असं तिला जाणवलं. पण हेही ऐक, की तिची ती तिन्ही बाळं काही काळ संगोपन केंद्रात होती. ही नावं तुझ्यावर दडपण आणायला सांगत नाही. त्यांनी काम परिस्थितीत बसेल असं निवडलं आणि मदत घेतली, एवढंच तुला त्यांच्याकडून घ्यायचंय.

तेव्हा साहित्य निवडताना एकच कसोटी लाव: मध्येच टाकून उठावं लागलं तर त्याचं काय होतं?

अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर काही मिनिटांत वाळतो आणि ब्रशवर वाळला तर ब्रश गेलाच. जलरंगाच्या वड्या मात्र आज वाळल्या तरी उद्या पाण्याच्या थेंबाने जाग्या होतात, त्यामुळे रात्रीसाठी त्या बऱ्या. विणकामात सुयांवर अख्खी ओळ उभी असते, एक सुई निसटली की घोटाळा. क्रोशात एका वेळी बहुतेक एकच टाका उघडा असतो. त्यात सेफ्टी पिन अडकवली की तू निर्धास्त उठू शकतेस. भरतकाम तर कुठेही थांबतं, फक्त सुई कापडाला टोचून ठेवायची सवय दीड वर्षाची मुलगी घरात असताना मोडायला हवी. सुया मोजून काढ, मोजून डबीत ठेव. मणी, बटणं, छोटी लोहचुंबकं तिच्या हाताला लागता कामा नयेत. रेझिन, टर्पेंटाइन, फवाऱ्याचे रंग ही मंडळी काही वर्षं बाहेरच राहू देत.

तुझ्या वह्या मला या काळासाठी फार सोयीच्या वाटतात, कारण वही शिवण्याचे आपोआप तुकडे पडतात. कागद दुमडणं दिवसा, मुलं शेजारी असताना होतं. थोरला पट्टीने घडीवर दाब देऊ शकेल आणि त्याला ते आवडेलही. आरीने भोकं पाडणं रात्री. शिवण दुसऱ्या रात्री. रोज पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी एखाद्या आठवड्यात वही हातात येते. पूर्ण झालेली एक लहान वस्तू अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामापेक्षा या घडीला तुला जास्त बळ देईल.

लिनो सोडू नकोस, पण आकार आवर. खोडरबराएवढा ठसा घे. एखादा वाकडा, दोन्ही बाजूंना सारखा नसलेला आकार कोर आणि छापताना दर वेळी ठसा पाव वळण फिरव. त्या एवढ्याशा तुकड्यातून किती नक्ष्या निघतात ते पाहून तूच थक्क होशील. मात्र डोळ्यांवर झोप असताना कोरायला बसू नकोस. हत्यार सटकतं ते अशाच वेळी, आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे हवा, हे तुला मी वेगळं सांगायला नको. शाईचं कामही रात्रीचं नाही. काचेवर शाई पसरली आणि धाकटी उठून रडली की सगळंच बसलं.

आणि सुचण्याबद्दल म्हणशील, तर तुझ्या घरात चार वर्षांचा एक चित्रकार आहे. या वयाची मुलं माणूस काढतात तेव्हा बहुतेकदा मोठा गोल काढून त्यालाच थेट पाय जोडतात. धड नसतंच. त्याने काढलेला असा एक माणूस घे, मागे तारीख आणि तो काय म्हणाला ते लिही. त्याची परवानगी काढून ती रेघ लिनोवर उतरव. ती सुधारू नकोस. थरथरली असेल तिथे थरथरू दे, तीच तिची ताकद आहे. तू कोर, आणि छापायच्या दिवशी रोलर त्याच्या हातात दे. छाप उलटा येतो हे तुला सवयीचं आहे, त्याला नाही. आपला माणूस उजवीकडून डावीकडे तोंड करून कागदावर आला, हे पाहून त्याचे डोळे कसे होतात ते बघ. तुझ्या खोक्याशी त्याचं पुन्हा नातं जुळायला यापेक्षा चांगला उपाय मला सुचत नाही.

दीड वर्षाच्या मुलीला अजून रेघोट्याच जमतील, आणि तिला तेवढंच हवं असतं. तिच्यासाठी खारी कणीक कर: चार वाट्या पीठ, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी. रूथ असावा मुलांबरोबर हेच वापरायची. सॅन फ्रान्सिस्कोतलं तिचं एक मोठं कारंजं मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून अशा कणकेत घडवलेल्या आकृत्यांवरून कांस्यात ओतलेलं आहे. या कणकेत मीठ फार असतं, ती धाकटी खाणार नाही याकडे लक्ष ठेव.

पण मुलांबरोबर केलेलं हे सगळं तुझ्या कामात धरू नकोस. ते छान आहे, त्यातून सुचेलही, तरी त्या वेळी तुझं अर्धं लक्ष त्यांच्या तोंडात काय जातंय यावरच असणार. तुझं काम तुला एकटीला करायला मिळायला हवं.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही. तुझ्या वेळेच्या सुरुवातीला तो दुसऱ्या खोलीत ठेव, बस.

एक मात्र नीट विचारते. खचल्यासारखं फक्त कामाबाबत वाटतं, की सगळ्याबाबत? मुलं झोपली तरी तुला झोप लागत नाही, पूर्वी आवडायचं त्यातलं काहीच आवडत नाही, उगाच रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना भेट. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं आणि उपचार झाले नाहीत तर पुढेही रेंगाळतं. उपचारांनी ते बरं होतं. आणि आपल्या किंवा मुलांच्या जिवाचं बरंवाईट करावं असा विचार एकदाही आला असेल, तर दोन आठवडे मोजत बसू नकोस, त्याच दिवशी जा.

स्वार्थी आहेस का? नाही. 'मुलं मोठी झाली की कर' म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण हाताची सवय सुटली की ती परत आणायला फार कष्ट पडतात, हे त्यांना माहीत नसतं. तू रोज थोडं केलंस तर मुलांचं काही कमी होत नाही.

नवऱ्याचं 'रविवारी कर की' हे मला अपुरं वाटतं. रविवारी तोही घरात, मुलंही घरात, आणि प्रत्येक हाक तुलाच. त्याला वेळ नेमकी सांग: रविवारी सकाळी दोन तास, दोन्ही मुलं त्याच्याकडे, शक्यतो घराबाहेर. हे त्याने तुला मदत केली म्हणून मोजू नकोस, तो त्यांचा बाप आहे. पहिले काही रविवार धाकटी तुझ्यासाठी रडेल. तिला शांत करायला तो शिकेल, दार उघडून बाहेर येऊ नकोस. तिचे कपडे कुठे आहेत, पाण्याची बाटली कोणती, तिला झोप आली की ती काय करते, हे सगळं त्याला शनिवारीच दाखवून ठेव.

तुझी,
ताई