तानपुऱ्यावर तू बस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

गुरुपौर्णिमेला तुझ्या तीन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर गायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. बंदिशी तुझ्या तू निवड. त्याआधी पट्टीचं बघ, कुणाचा सा पेटीच्या कुठल्या काळीवर बसतो ते.

तू आणि तिघांतल्या त्या दोघी मुली काळी चारमध्ये गाता. तो मुलगा तुझ्याकडे शिकत होता तेव्हा त्याचा आवाज फुटला नव्हता. आता तो काळी दोनमध्ये गातो. त्याला तुमच्या पट्टीत ओढलंस तर एक तर खाली खर्जात आवाज पोचणार नाही, नाहीतर वर गळा ताणावा लागेल, आणि ऐकणाऱ्यांना वाटेल याचा रियाज सुटलाय. मधली काळी तीन धरलीस तर चौघांचंही थोडं थोडं बिघडेल.

त्याचा मध्यम (म) म्हणजे तुमचा षड्ज (सा). याच नात्यावर पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदी उभी केली: गायक एका रागात, गायिका दुसऱ्या रागात, दोघं आपापल्या पट्टीत. पण ती पहिल्याच कार्यक्रमात नको, फार तयारी लागते. त्याला त्याच्या पट्टीत एक स्वतंत्र ख्याल दे. तबला बदलावा लागेल, तानपुऱ्यांची दुसरी जोडी लागेल, लागू दे. आणि तेव्हा त्याच्या मागे तानपुऱ्यावर तू बस. हो, तूच.

मी हे केलं नाही, म्हणून सांगतो. माझ्या मागे बसायचीस तेव्हा तुला मी माझ्या काळी दोनमध्ये गायला लावत होतो. पंचमाच्या वर तुझा आवाज चोरटा व्हायचा. एकदा यमन रागात तू स्वरांची छान जागा घेत होतीस, ती पुरी व्हायच्या आत मी उचलली. दाद मला मिळाली. त्यानंतर तू तासभर नुसता षड्ज भरत राहिलीस. मला ते आजही लागतं.

तालमीला त्यांची चूक झाली तर लगेच थांबवू नकोस, तालाचं आवर्तन पुरं होऊ दे. दोघींतली एक आता बँकेत आहे, रियाजाला वेळ मिळत नाही असं लिहिलंयस. तिला द्रुत ताना देऊ नकोस, मध्यलयीतली स्थायी, बंदिशीचा पहिला भाग, दे. तिचा स्वर अजून सच्चा आहे. बिदागी मिळाली तर चौघांत सारखी वाट.

मुलासाठी मोठा तानपुरा माझ्याकडून ने. जवारी, म्हणजे घोडीवरची तारांची गुंज, नुकतीच काढून घेतली आहे, काळी दोनला छान बोलतो.